पंचांना कायदा कोण सांगणार?

आंबेगाव किंवा जुन्नर तालुक्यात खून पडला की पोलीस गावातल्या दोन माणसांना पंच म्हणून बोलावतात. रक्ताची माती पुडीत बांधली जाते, कोयता सील होतो, पंचनाम्याखाली दोघांच्या सह्या होतात. काही वर्षांनी त्यांना समन्स येतं. मग पुणे–नाशिक रस्त्याने राजगुरुनगरचं सत्र न्यायालय गाठायचं, पिंजऱ्यात उभं राहायचं आणि सही आपलीच आहे एवढं सांगून परतायचं. समोर बसलेला माणूस दोषी आहे की नाही, हे त्यांना कुणी विचारत नाही. विचारलंच, तर सरकारी वकील आधी हरकत घेतील.

इंग्रजी अमदानीत पुणे जिल्ह्यातल्या काही रहिवाशांना हा प्रश्न विचारला जात होता. त्यासाठी त्यांना ज्युरीच्या बाकावर बसवलं जाई. मात्र उत्तर मागण्याआधी न्यायाधीशाला एक काम करावंच लागे. दोन्ही बाजूंचा पुरावा त्या सामान्य माणसांपुढे मांडायचा आणि त्यांनी कोणत्या कायद्याने निवाडा करायचा, तो कायदा त्यांना समजेल असा सांगायचा. हे काम चुकलं, तर वरचं न्यायालय निकाल रद्द करू शके.

भारतातल्या ज्युरीची आठवण आज नानावटी खटल्याच्या रूपाने उरली आहे आणि तिचं तात्पर्यही ठरून गेलं आहे: लोक भावनेच्या भरात वाहून गेले, म्हणून ज्युरी गेली. कायदा समजावण्याच्या त्या कामाचा माग काढत गेलं, तर हे तात्पर्य टिकत नाही.

गोताला कायदा ठाऊक होता

जुन्नर हा जुना कारभारी गाव. मलिक अहमदने निजामशाहीची पहिली राजधानी इथे केली, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला, नाणेघाटातून येणारा व्यापार इथे उतरे. अशा परगण्यात तंटे कमी नव्हते. पाटीलकी कुणाची, कुलकर्ण कुणाचं, शेताचा बांध कुठून जातो, देवळातला मान पहिला कुणाला, असे वाद गोतसभेपुढे येत. त्या सभेला पाटील, कुलकर्णी, परगण्याचे देशमुख-देशपांडे, मिरासदार आणि बलुतेदार बसत. निवाड्याचा महजर लिहिला जाई. ज्याला लिहिता येत नसे तो आपली निशाणी करी. पाटलाच्या नावापुढे नांगर, इतरांच्या नावापुढे आपापल्या धंद्याचं हत्यार. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास अशा कागदांवरच उभा आहे.

या सभेत कायदा समजावून सांगणारं कुणी नसे, कारण तशी गरजच नव्हती. वाद ज्या वहिवाटीवर तुटायचा ती वहिवाट सभेला बसलेल्यांच्याच अंगात मुरलेली होती. शास्त्राचा प्रश्न निघाला तर शास्त्र्यांना विचारत. पुरावा खुंटला तर दिव्य होई. नियम मात्र बाहेरून आणावा लागत नसे. या व्यवस्थेला सोन्याचा मुलामा देण्याचं कारण नाही. ज्यांना सभेत जागा नव्हती त्यांच्याविरुद्धही तीच वहिवाट चाले. आणि खून-दरोड्याच्या निवाड्यात मुख्य हात अंमलदाराचाच असे.

पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात पंचायतीचे दोष त्याने दाखवले: पंच वेळेवर जमत नाहीत, काम रेंगाळतं, भीड आणि लाच चालते. तरीही दिवाणी तंट्यांसाठी ती टिकवावी, असं त्याचं मत पडलं. पुढे १८२७ चे मुंबईचे रेग्युलेशन आले, जिल्ह्याची न्यायालयं बसली आणि पंचायत हळूहळू बाजूला पडली. लिहिलेला, छापलेला आणि साहेबाच्या भाषेत विचार करणारा कायदा जिल्ह्यात आला. आता निवाड्याला गावच्या माणसांना बसवायचं, तर त्यांना आधी कायदा सांगणं भाग होतं. कायदा परका झाला त्या दिवशी तो समजावण्याची गरज जन्माला आली.

विलायतेतून आलेली शिस्त

हे काम कसं करायचं, याची घडण विलायतेत झाली होती आणि ती भांडणातून झाली होती. १६७० मध्ये लंडनमध्ये विल्यम पेन या क्वेकर पुढाऱ्यावर बेकायदा जमाव जमवल्याचा खटला चालला. ज्युरी त्याला दोषी ठरवेना. न्यायाधीशांनी ज्युरीला अन्नपाण्यावाचून कोंडलं, मग दंड ठोठावला. दंड न भरणाऱ्या बुशेल नावाच्या ज्युरराच्या अर्जावर मुख्य न्यायाधीश व्हॉन यांनी ठरवून दिलं की निकालाबद्दल ज्युरीला शिक्षा करता येणार नाही. धाक दाखवण्याची वाट बंद झाली, तेव्हा न्यायाधीशाच्या हातात समजावणं तेवढं उरलं.

पुढचं शतक राजद्रोही लिखाणाच्या खटल्यांनी गाजलं. ‘छापलं का, एवढंच तुम्ही ठरवा, छापलेलं राजद्रोही आहे का, ते आम्ही ठरवू’, अशी न्यायाधीशांची भूमिका होती. १७९२ च्या फॉक्सच्या कायद्याने ती मोडली. न्यायाधीशाने आपलं मत आणि कायदा सांगावा, पण अख्ख्या प्रश्नावर निकाल ज्युरीने द्यावा, असं ठरलं. सव्वाशे वर्षांच्या आत हाच प्रश्न पुण्याच्या एका संपादकापुढे येणार होता.

मुंबई शहरात ज्युरी कंपनीच्या काळापासून होती, पण गोऱ्यांची. १८२६ च्या कायद्याने हिंदी लोकांना ज्युरीत बसता येऊ लागलं. मात्र ख्रिस्ती आरोपीचा निवाडा त्यांनी करायचा नाही, अशी अट होती. १८३२ मध्ये पार्लमेंटने ती अट काढली आणि ग्रँड ज्युरीचं दारही उघडलं. जगन्नाथ शंकरशेट हे तिथे बसलेल्या पहिल्या हिंदी गृहस्थांपैकी एक. जिल्ह्यांचा नंबर १८६१ च्या फौजदारी संहितेने लागला. कोणत्या जिल्ह्यात आणि कोणत्या गुन्ह्यांना ज्युरी लावायची, ते प्रांतिक सरकारने ठरवायचं होतं. मुंबई इलाख्यात पुणे हा ज्युरी मिळालेल्या जिल्ह्यांपैकी एक. इतरत्र ‘असेसर’ बसत. ते मत देत, पण न्यायाधीशावर ते बंधनकारक नसे.

१८९८ च्या संहितेत या कामाची पूर्ण आखणी दिसते. कलम २९७ प्रमाणे दोन्ही बाजूंचं म्हणणं संपलं की न्यायाधीशाने पुराव्याचा गोषवारा सांगायचा आणि कायदा समजावायचा. २९८ मध्ये न्यायाधीशाची कामं होती: कायद्याचे प्रश्न सोडवणं, न चालणारा पुरावा ज्युरीच्या कानावर पडू न देणं, कागदपत्रांचा अर्थ लावणं. २९९ मध्ये ज्युरीचं काम होतं: घडलं काय, याची कोणती हकिकत खरी ते ठरवणं. सत्र न्यायाधीशाला ज्युरीच्या खटल्यात सविस्तर निकालपत्र लिहावं लागत नसे. ज्युरीला काय सांगितलं त्याचे मुद्दे तेवढे नोंदवायचे. अपील करायचं तर फक्त कायद्याच्या मुद्द्यावर. उच्च न्यायालयालाही ज्युरीचा निकाल सहसा फिरवता येत नसे. न्यायाधीशाने चुकीचं सांगितलं किंवा ज्युरीने सांगितलेलं चुकीचं समजून घेतलं, तरच तो फिरे. त्यामुळे शिक्षा झालेल्या माणसाचा वकील आधी त्या मुद्द्यांचा कागद चाळी. ज्युरी कारणं देत नव्हती. कुठे काही चुकलं असेल तर ते न्यायाधीशाच्या तोंडच्या शब्दांतच सापडणार होतं.

कलम ३०७ ने न्यायाधीशाच्या हातात आणखी एक दोर दिला होता. ज्युरीचा निकाल त्याला पटला नाही आणि न्यायासाठी आवश्यक वाटलं, तर त्याने खटला उच्च न्यायालयाकडे पाठवायचा. विलायतेतल्या न्यायाधीशाला अशी सोय नव्हती. लोकांना निवाड्याला बसवायचं, पण त्यांच्यावर पुरता भरवसा ठेवायचा नाही, हा राज्यकर्त्यांचा बेत या एका कलमात उघडा पडतो.

ज्युरीत बसणारे कोण, हेही संहितेने सांगितलं होतं. जिल्ह्यात राहणारे २१ ते ६० वयाचे पुरुष त्यास पात्र. त्यांतून सत्र न्यायाधीश आणि कलेक्टर यांनी, त्यांच्या मते लायक असलेल्यांची यादी करायची. म्हणजे बाया पहिल्याच ओळीत बाद. आणि ‘लायक’ कोण, हे दोन अंमलदार ठरवणार. जुन्नरपासून पुणं ९० किलोमीटरच्या आसपास, मध्ये घोड, भीमा या नद्या. आंबेगाव तेव्हा खेड तालुक्याचा पेठा, म्हणजे पोटविभाग, होता आणि भीमाशंकरच्या रानातल्या वाड्यांना घोडेगावसुद्धा दूर होतं.

त्या रानातला होन्या भागोजी केंगले हा जांभोरीचा महादेव कोळी. १८७३ पासून त्याच्या टोळीने सावकारांवर धाडी घातल्या. कर्जाच्या कागदावर जमिनी गिळणाऱ्यांची नाकं कापली. सावकार गावं सोडून पळाले, सरकारने बक्षीस लावलं, सशस्त्र पोलीस डोंगरात घातले आणि १८७६ मध्ये मेजर डॅनियलने त्याला पकडलं. आरोपीचा निवाडा त्याच्या बरोबरीच्या माणसांनी करावा, हे ज्युरीमागचं मूळ तत्त्व. अंमलदारांच्या पसंतीच्या यादीत होन्याच्या बरोबरीचे किती असणार होते? न्यायाधीश कितीही नीट कायदा सांगो, ऐकणारे कोण हे आधीच ठरलेलं असे. समजावण्याच्या या कर्तव्याला पहिली मर्यादा तिथेच पडली होती.

मराठी लेख, परकी ज्युरी

दुसरी मर्यादा १८९७ मध्ये मुंबईच्या हायकोर्टात दिसली. त्या वर्षी १५ जूनला ‘केसरी’ने शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तान्त आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली कविता छापली. उत्सवात अफझलखानाच्या वधावरही भाषण झालं होतं. आठवड्याने, २२ जूनच्या रात्री, पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. ‘केसरी’चे संपादक टिळक यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला. न्यायमूर्ती आर्थर स्ट्रॅची, ज्युरीत नऊजण: सहा युरोपियन, दोन हिंदू, एक पारशी.

अफझलखानाची गोष्ट शिवनेरीच्या पायथ्याला वाढलेल्या पोराला पाळण्यापासून ठाऊक. ज्युरीतल्या बहुसंख्यांना ती सरकारी भाषांतरातून कळणार होती. मूळ मराठी त्यांना वाचता येत नव्हतं. लेखाने मराठी वाचकाच्या मनात काय पेटलं, हे ठरवायला ते बसले होते. अशा वेळी न्यायाधीशाचा प्रत्येक शब्द दुप्पट वजनाचा होतो.

दंडसंहितेच्या त्या वेळच्या कलम १२४-अ मध्ये गुन्ह्याचा गाभा होता सरकारविषयी अप्रीती निर्माण करणं. स्ट्रॅचींनी ज्युरीला त्याचा अर्थ सांगताना प्रीतीचा अभाव इथपासून सुरुवात केली आणि द्वेष, वैर, तिरस्कार, सरकारविषयीची कोणतीही दुर्भावना त्यात बसवली. दंगा झाला नाही, चिथावणी दिली नाही, तरी गुन्हा होऊ शकतो असंही बजावलं. लोक दुष्काळाने आणि प्लेगने गांजलेले आहेत, अशा वाचकांवर लेखाचा परिणाम काय होईल ते पाहा, असं त्यांनी सुचवलं. १४ सप्टेंबरला निकाल आला: सहा विरुद्ध तीन. हायकोर्टात ज्युरीचा निकाल ग्राह्य धरायला नवांपैकी निदान सहा एका बाजूला हवेत आणि न्यायाधीशाची संमती हवी. सहा बरोबर भरले. शिक्षा अठरा महिन्यांची.

बचावाने न्यायाधीशाच्या सांगण्यावर बोट ठेवलं. कायदा चुकीचा समजावला, म्हणून प्रिव्ही कौन्सिलकडे परवानगी मागितली. टिळकांच्या वतीने उभे राहिले हर्बर्ट अस्क्विथ, पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले. परवानगी नाकारली गेली. त्यानंतर सरकारने १८९८ मध्ये कलमच दुरुस्त केलं आणि अप्रीतीत राजनिष्ठेचा अभाव आणि वैरभाव येतात, असं त्यात लिहून टाकलं. नऊ माणसांना समजावं म्हणून केलेलं भाषण आता कायद्याच्या पुस्तकात शिरलं होतं.

१८९८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयात रँडच्या खुनाबद्दल दामोदर चापेकरांचा खटला ज्युरीपुढे चालला आणि १८ एप्रिलला येरवड्यात त्यांना फाशी झाली. १९०८ मध्ये टिळक पुन्हा ज्युरीपुढे उभे राहिले. या वेळी सरकारच्या मागणीवरून खास ज्युरी बसवली होती: सात युरोपियन, दोन पारशी. ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांवर आरोप. टिळकांनी स्वतःच बचाव केला. सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेऊन शब्दाशब्दावर त्याला अडवलं आणि दिवसचे दिवस ज्युरीशी बोलत राहिले. जे न्यायाधीशाने तटस्थपणे सांगायचं, ते आरोपी आपल्या बाजूने आधीच सांगून टाकत होता. शेवटचं बोलणं मात्र न्यायाधीशाचं. न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी २२ जुलैच्या रात्री ज्युरीला आपलं भाषण ऐकवलं. हेच दावर १८९७ मध्ये वकील असताना टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते. निकाल सात विरुद्ध दोन, शिक्षा सहा वर्षं काळं पाणी.

स्ट्रॅचींचं भाषण खटल्यानंतरही मेलं नाही. १९४२ मध्ये फेडरल कोर्टाचे मुख्य न्यायाधीश मॉरिस ग्वायर यांनी राजद्रोहाचा अर्थ सार्वजनिक शांततेच्या भंगापुरता आवळला. १९४७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मुंबईच्याच सदाशिव नारायण भालेराव खटल्यात तो झिडकारून जुना अर्थ पुन्हा बसवला. अखेर २० जानेवारी १९६२ ला केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्ट्रॅचींचं ज्युरीपुढचं भाषण पुन्हा तपासलं, ग्वायरांची बाजू घेतली आणि कलम हिंसेला वा अव्यवस्थेला चिथावणी देण्यापुरतं मर्यादित केलं. एका न्यायाधीशाने नऊ जणांना सांगितलेला अर्थ ६५ वर्षं देशाच्या डोक्यावर बसून होता.

टॉवेल सांगितला, कलम सांगितलं नाही

केदारनाथच्या निकालाआधी दोन महिने, २४ नोव्हेंबर १९६१ ला, त्याच सर्वोच्च न्यायालयाने नानावटी खटला संपवला होता. हकिकत सगळ्यांना माहीत आहे. नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांना पत्नी सिल्व्हियाने प्रेम आहुजाशी असलेले संबंध सांगितले. २७ एप्रिल १९५९ ला त्यांनी जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतलं, आहुजाचं घर गाठलं, तीन गोळ्या सुटल्या. बचाव असा की झटापटीत अपघाताने सुटल्या. झटापट झाली, तर आहुजाच्या अंगावर टॉवेल तसाच कसा राहिला, हा प्रश्न घरोघरी चघळला गेला. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू लावून धरली. २१ ऑक्टोबरला ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहतांना तो निकाल पटला नाही आणि त्यांनी कलम ३०७ चा दोर ओढला.

उच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडली यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी. त्यांचं घराणं खेड तालुक्यातल्या कनेरसरचं, म्हणजे आंबेगावच्या शेजारचं. पुढे ते सरन्यायाधीश झाले. चंद्रचूडांनी ज्युरीइतकंच न्यायाधीशाच्या बोलण्यावर बोट ठेवलं आणि न्यायालयाने ते मान्य केलं.

चूक कोणती, ते समजायला विलायतेतला एक खटला मदतीला येतो. १९३४ च्या डिसेंबरात सॉमरसेटमध्ये रेजिनाल्ड वूलमिंग्टन या तरुणाच्या बंदुकीतून गोळी सुटून त्याची बायको मेली. त्याचाही बचाव अपघाताचाच. न्यायाधीशाने ज्युरीला सांगितलं की मारलं हे सिद्ध झालं, आता अपघात होता हे आरोपीने पटवावं. ज्युरीने दोषी ठरवलं आणि फाशीची शिक्षा झाली. १९३५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ती रद्द केली: अपराध सिद्ध करण्याचा भार अखेरपर्यंत फिर्यादी पक्षावर आहे आणि ज्युरीला उलटं सांगितलं गेलं. एका वाक्याने वूलमिंग्टनचा गळा फासात गेला होता, आणि तेच वाक्य चुकीचं ठरल्याने तो सुटला.

भारताच्या पुरावा कायद्यात मात्र कलम १०५ होतं. मूळ अपराध सिद्ध करण्याचा भार सरकारवरच, पण आरोपी अपघातासारख्या अपवादाचा आसरा घेत असेल तर तो अपवाद त्याने दाखवावा आणि तोवर न्यायालयाने तो नाही असं धरावं. या दोन भारांचा मेळ कसा घालायचा, हा नाजूक मुद्दा. आरोपीला अपवाद पुरता सिद्ध करता आला नाही तरी त्याच्या पुराव्याने मूळ अपराधाबद्दलच शंका उभी राहू शकते. नऊ ज्युररांना हे उलगडून सांगायला हवं होतं. न्या. सुब्बा राव यांच्या निकालपत्रात नोंद आहे की कलम १०५ चा हा भार ज्युरीला सांगितलाच गेला नव्हता. दंडसंहितेच्या कलम ८० प्रमाणे अपघात म्हणजे काय, तर कायदेशीर काम कायदेशीर रीतीने आणि योग्य काळजी घेऊन करताना घडलेला. भरलेलं रिव्हॉल्व्हर घेऊन कुणाच्या घरी जाणाऱ्याला हे घटक कसे लावायचे, तेही उलगडलं नव्हतं. पुराव्यातल्या काही महत्त्वाच्या गोष्टीही ज्युरीपुढे नीट मांडल्या गेल्या नव्हत्या. जे सांगायचं ते न सांगणं हीसुद्धा दिशाभूलच, असं न्यायालयाने मानलं.

आता तात्पर्य पुन्हा तपासू. ज्युरीवर वृत्तपत्रांचा आणि गर्दीचा दबाव होता, यात शंका नाही. पण ज्यांना कायद्याचा कळीचा नियम सांगितलाच नाही, ते तो पाळतील कसा? न्यायाधीशाला निकाल विपरीत वाटला, आणि त्याच न्यायाधीशाचं सांगणं अपुरं होतं असं वरच्या दोन न्यायालयांनी लिहून ठेवलं. सार्वजनिक आठवणीत मात्र आठ ज्युररांची भावनाविवशता तेवढी राहिली. दोष लोकांच्या पदरात पडला, शिकवणाऱ्याच्या नाही.

ज्युरीचं भवितव्य तसं या खटल्याआधीच ठरत आलं होतं. १९५५ च्या दुरुस्तीने असेसर गेले. सेटलवाडांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालात ज्युरी बंद करण्याची शिफारस केली. नानावटी खटला शेवटचा, असं सर्रास लिहिलं जातं. ते खरं नाही. बंगालमध्ये ज्युरी त्यानंतरही काही वर्षं चालली. १ एप्रिल १९७४ ला लागू झालेल्या नव्या संहितेत मात्र तिला जागा उरली नाही. मुंबईत पारशी विवाहाच्या खटल्यांत अजून समाजाचे प्रतिनिधी बसतात. जुन्या व्यवस्थेची एवढीच खूण शिल्लक आहे.

दुसरी वाट अमेरिकेने काढली. तिथे ज्युरी राहिली, आणि समजावण्यात चूक झाली म्हणून निकाल उलटू लागले. तेव्हा लॉस एंजेलिसच्या न्यायाधीशांनी १९३० च्या दशकात ज्युरीला सांगायचे तयार मसुदे लिहायला घेतले. वरच्या न्यायालयात टिकतील अशी ती भाषा होती. ती चालली खरी, पण ज्युररांना ती कळेना. कॅलिफोर्नियाने अखेर सगळे मसुदे साध्या भाषेत नव्याने लिहून घेतले: दिवाणीचे २००३ मध्ये, फौजदारीचे २००५ मध्ये. भारतीय संहितेला हा टप्पा कधी गाठताच आला नाही. इथे समजावण्याची रीत सुधारण्याआधी ऐकणारेच घरी पाठवले गेले.

आता ऐकणारा कोण?

ज्युरी गेली, तशी न्यायाधीशाची समजावणीही गेली का? अर्धीच गेली. पूर्वी सत्र न्यायाधीश ज्युरीला तोंडी सांगे आणि कागदावर मुद्दे तेवढे ठेवी. आता त्याने निर्णयाचे मुद्दे, त्यांची उत्तरं आणि त्या उत्तरांची कारणं निकालपत्रात लिहिलीच पाहिजेत, असं बंधन आहे. ते १९७३ च्या संहितेत होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. एकट्या साक्षीदारावर किती विसंबायचं, माफीच्या साक्षीदाराला दुजोरा का हवा, परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कुठे तुटते, हे सगळं न्यायाधीश पूर्वी ज्युरीला बजावत असे. आता तो ते स्वतःलाच बजावतो आणि लिहून ठेवतो.

फरक पडला तो ऐकणाऱ्यात. ज्युरीपुढे बोलताना न्यायाधीशाला दुकानदाराला, मास्तरला, कारकुनाला कळेल असं बोलावं लागे. निकालपत्र लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे अपिलाचं न्यायालय असतं. भाषा आपोआप त्या दिशेने वळते. १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली. पण ‘सबब’, ‘उपरोक्त’ आणि ‘संशयातीत’ यांच्या गर्दीत घोडेगावच्या माणसाला कारण सापडेलच, याची हमी त्यात नाही. सर्वोच्च न्यायालय २०१९ पासून काही निकालांची मराठी भाषांतरं प्रसिद्ध करतं. ती वाट चांगली आहे, पण ती वरून खाली येणारी आहे. सत्र खटल्यातल्या माणसाला आपल्याच खटल्याचा निकाल कळायला हवा.

जुन्या कर्तव्याचा खरा वारसदार कायद्यातच एका कोपऱ्यात बसला आहे. कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत ताबडतोब आणि फुकट द्यायची, आणि त्याने मागितली तर शक्यतो त्याच्या भाषेत भाषांतर करून द्यायची, अशी तरतूद पूर्वीच्या कलम ३६३ मध्ये होती, ती आताही आहे. म्हणजे नऊ जणांना सांगायचं ते आता ज्याला तुरुंगात जायचं आहे त्याला सांगायचं, हे कायद्याने मान्य केलं आहे. फक्त ते कळेल असं सांगायचं, हे लिहिलेलं नाही.

ज्युरी परत आणा, असं म्हणण्याचं कारण नाही. अंमलदारांच्या यादीतली, बायांना आणि डोंगरातल्या वाड्यांना वगळणारी ज्युरी इथे कुणाला हवी आहे? तिच्याबरोबर बुडालेली एक कसोटी मात्र परत आणण्यासारखी आहे. आपला कायदा सामान्य माणसाला समजेल असा सांगता आला, तरच तो आपल्याला नीट कळला आहे, हे न्यायाधीशाला रोज सिद्ध करावं लागे. निकालपत्राच्या शेवटी एक पान सरळ मराठीत लिहायचं: काय सिद्ध झालं, कशावरून, कोणता नियम लावला आणि का. आरोपीला ते वाचून दाखवायचं, आणि ज्यांनी पंचनाम्यावर सह्या केल्या त्यांनाही वाचता येईल असं ठेवायचं. यासाठी नवं न्यायालय लागत नाही, कलमही फारसं बदलावं लागत नाही. उच्च न्यायालयाने एक परिपत्रक काढलं तरी पुरे.